खोलीचा आवाज

मुलाखत संपली की मी हात वर करायचो :
अर्धं मिनिट. कुणी हलू नका.
प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते,
ती वेगळी भरून घ्यावी लागते टेपवर,
पुढे वाक्यं कापताना-जोडताना
मधल्या फटी लिंपायला.

म्हणजे सव्वीस वर्षं
मोंतेविदेओतल्या सत्तेवर चढलेल्यांना
आणि सत्तेवरून उतरलेल्यांना
नेलिदा इरासाबालसमोर
अर्धं अर्धं मिनिट गप्प बसवलं, ते मी.
साऊंडवाला. नाव वॉशिंग्टन.
हसू नका, आमच्याकडे ठेवतात अशी नावं.

तुम्ही तिला पडद्यावर पाहिलंत :
संसदेच्या संगमरवरी पायऱ्या,
पाम्पेरो वाऱ्यानं उलटी झालेली कॉलर,
तोच आडवा प्रश्न, तीनदा, त्याच शब्दांत,
आवाज न चढवता.
मी तिला कानांत घालून फिरलो.
थेट प्रक्षेपणाआधी गिळलेला आवंढा,
पोटातली गुरगुर, सकाळपासून नुसता माते,
आणि निवडणुकीच्या रात्री, पहाटे तीनला,
जाहिरातींच्या आडोशानं घरी फोन :
ताप उतरला का त्याचा?
मग चार, तीन, दोन,
आणि फ्लोरेस जिल्ह्यातले ताजे आकडे.

त्या अर्ध्या मिनिटात पुढारी उघडे पडत.
एकाची कवळी वाजायची.
एक कामगारमंत्री, बोलण्यात पक्का,
दहाव्या सेकंदाला घाम पुसायला लागे.
एक सिनेटर बाई चक्क झोपल्या;
नेलिदानं उठवू दिलं नाही.

मग तो निवृत्त कर्नल.
पोसितोसमधला फ्लॅट, जाड पडदे,
भिंतीवर घोड्यांची चित्रं.
चाळीस मिनिटं : आठवत नाही,
मी तेव्हा दुसऱ्या बराकीत होतो, आठवत नाही.
मी हात वर केला.
सातव्या सेकंदापासून त्याची अंगठी
खुर्चीच्या हातावर वाजू लागली.
टक. टक टक. टक.
ती त्याच्याकडे पाहत होती,
रागानं नाही; बस येते का बघावं, तशी.
आत कुठेतरी त्याची बायको
एकच कपाट उघडत होती, लावत होती.
तिसाव्याला हात खाली घेतला.
"मिळालं?" तिनं विचारलं. नेहमीसारखं.

त्या रात्रीच्या बातम्यांत
चाळीस मिनिटांतलं एक अक्षर तिनं घेतलं नाही.
ते अर्धं मिनिट लावलं. अख्खं.
लोकांनी म्हणे टीव्हीच्या डोक्यावर चापट्या मारल्या.

दुसऱ्या दिवशी तिला कार्निव्हलला धाडलं,
मग हवामानाला, मग पशुप्रदर्शनाला.
तिथेही एका बैलाच्या मालकाला
तिनं सबसिडीचं विचारलं. तीनदा.
दीड वर्षानं परत आणलं.
का, ते कुणी सांगितलं नाही;
नवे बूट घालून ती पायऱ्यांवर उभी, एवढंच.

आणि हेही सांगतो, नाहीतर नुसती आरती होईल :
एक सहकारी बँक बुडाली, ते तिला आधी कळलं होतं.
उपमंत्र्यानं शब्द घेतला, तिनं पाळला.
माझ्या मेहुण्याचे पैसे होते त्यात.
आठवडाभर माइक लावताना
मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही.
तिनं कारण विचारलं नाही.
तिनं!

आता ती आत्लांतिदाला राहते, टोमॅटो लावते,
बातम्या बघत नाही म्हणते
आणि नव्या पोराच्या चुका मला तोंडपाठ सांगते.
रविवारी फोन असतो. बोलणं संपतं,
ठेवत कुणीच नाही.
तिच्या फ्रिजची घरघर, त्यामागे नदी,
समुद्रच म्हणतो आम्ही तिला.
माझा हात आपोआप वर जातो.
अठराव्या सेकंदाला शेजारचं कुत्रं भुंकतं.
"गेलं," ती म्हणते.
"परत घे."